झोंबलं की लागू पडलं

आमच्या घरात औषध खरं की खोटं हे ठरवायची एकच परीक्षा होती, झोंबतंय का. गुडघा फुटला, टिंक्चर लावलं, पोरगं किंचाळलं की आजी समाधानाने म्हणायची, झोंबतंय ना, मग लागू पडतंय. नाकाच्या बाबतीत तर ही परीक्षा अजून कडक. बाम असा चोळायचा की डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे, वाफ अशी घ्यायची की टॉवेलमधून तोंड बाहेर काढल्यावर चेहरा लालबुंद दिसला पाहिजे, काढ्यात मिरं एवढं की घसा पेटला पाहिजे. जे औषध गुपचूप काम करतं त्याच्यावर आमच्याकडे कुणाचाच विश्वास नव्हता, अजूनही नाही, आणि मला आता असं वाटायला लागलंय की सर्दी-अ‍ॅलर्जी-सायनसच्या औषधांचा जो काही बाजार आपल्याकडे चालतो तो बराचसा याच एका गोष्टीवर चालतो. आपण काउंटरवर जातो ते नाक बरं करायला नाही, काहीतरी जाणवायला पाहिजे म्हणून जातो.

आता माझ्या नाकाबद्दल थोडं. मी पुण्याची, नाकही पुण्याचंच, म्हणजे कशाचाही पटकन राग येणारं. सकाळी डोळे उघडायच्या आत शिंका सुरू होतात, एक आली की तिच्यामागे रांग, मग टाळूपर्यंत खाज, मग नळ सुटल्यासारखं पाणी, आणि नाश्ता होईपर्यंत नाक चोंदून गच्च. बारा महिने काही ना काही असतंच. पावसाळ्यात भिंतींना ओल आणि बुरशी, दसऱ्याआधी माळ्यावरची साफसफाई, दिवाळीत फटाक्यांचा धूर, हिवाळा संपता संपता वावळ फुलतो आणि त्याचे परागकण हवेत, आणि बारा महिने मेट्रोपासून सोसायट्यांच्या रिडेव्हलपमेंटपर्यंत कुणीतरी कुठेतरी खणतच असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी सातवीण फुलते, लोक त्या वासाने वेडे होतात, काही जण कवितेच्या अंगाने आणि काही जण माझ्यासारखे, डोकं धरून. सातवीणीचं तसं बघितलं तर ही अ‍ॅलर्जी असेलच असं नाही, नुसत्या उग्र वासानेही काहींचं नाक चिडतं, उदबत्तीने, फोडणीने, लिफ्टमध्ये कुणी मारलेल्या परफ्यूमने. नाकाला कारण कळत नाही, ते फक्त चिडतं.

आणि काँग्रेस गवत! गाजर गवत म्हणा हवं तर. १९५५ साली ते पुण्यात लक्षात आलं आणि मग देशभर पसरलं, परदेशी गव्हाच्या पोत्यांतून आलं असं सांगतात. रिकाम्या प्लॉटवर, रेल्वेलाइनच्या कडेला, नदीपात्रात, सगळीकडे ती पांढरी बारीक फुलं. कुणाच्या कातडीला त्रास, कुणाच्या नाकाला. पुण्याने देशाला बरंच काही दिलं म्हणतात, त्यात हेही धरायला हरकत नाही.

पण बहुतेकांचा खरा शत्रू बाहेर नसतोच, तो गादीत असतो. धुळीतले माइट्स, डोळ्यांना न दिसणारे, आपल्या अंगावरून गळणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगणारे, दमट हवेत वाढणारे. सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात त्याचं एक कारण हे, रात्रभर आपण त्यांच्यात तोंड खुपसून झोपलेलो असतो. जुन्या बायका गाद्या-गोधड्या उन्हात टाकायच्या, उशांचे अभ्रे उकळत्या पाण्यात घालायच्या, त्या काही माइट्सचा विचार करून करत नव्हत्या, पण ते बरोबर होतं. आता फ्लॅटला गच्ची असते पण ती लॉक असते, आणि किल्ली सेक्रेटरीकडे.

तर मेडिकलवाल्याकडे. आमच्या कोपऱ्यावरचे मेडिकलवाले काका मला फार आवडतात कारण ते एक प्रश्न विचारतात जो अनेक मोठमोठ्या ठिकाणी कुणी विचारत नाही. "वाहतंय की चोंदलंय?" एवढंच. आणि अख्खी गोम त्यातच आहे. पण विचारून झालं तरी बहुतेक वेळा हातात पडते तीच, सेट्रिझीन. पट्टीतून कात्रीने दोन गोळ्या कापून देतात, आणि कापतात ते नेमकं असं की औषधाचं नाव आणि एक्सपायरी उरलेल्या तुकड्यावर राहते. आपल्या कायद्यात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, म्हणजे ओटीसी, औषधांचा असा वेगळा वर्गच नाही. चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांची शेड्यूल एच यादी आहे, एच-वन आहे, पाकिटावर लाल रेघ आहे, पण काउंटरवर त्यातलं किती टिकतं ते आपल्याला माहितीये. अमेरिकेत ओटीसी म्हणजे एक कायदेशीर भानगड असते, आपल्याकडे ओटीसी म्हणजे ओळखीचा मेडिकलवाला.

सेट्रिझीनचं काम काय, तर हिस्टामिनला अडवणं. परागकण किंवा माइटचा तुकडा नाकात गेला की ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांच्या नाकातल्या काही पेशी हिस्टामिन ओततात, त्याने खाज, शिंका, पाणी. गोळी त्या हिस्टामिनची जागा अडवते, म्हणून शिंका थांबतात, खाज थांबते, वाहणं कमी होतं. पण चोंदलेलं नाक? तिथे ती फारशी उपयोगाची नाही, कारण चोंदणं म्हणजे नाकातल्या अस्तराची सूज, रक्ताने फुगलेल्या वाहिन्या, तिथे हिस्टामिन हा एकटाच गुन्हेगार नसतो. तरी माणसं नाक चोंदलं की सेट्रिझीन घेतात आणि सकाळी म्हणतात झोप मस्त लागली. हो, लागणारच. झोप हाही एक परिणाम जाणवण्याचाच प्रकार. क्लोरफेनिरामाइन असलेल्या जुन्या गोळ्यांनी तर माणूस सरळ आडवाच होतो, आणि माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांना गुंगी आली नाही तर गोळी डुप्लिकेट वाटते. फेक्सोफेनाडीन नावाची गोळी आहे, तिने झोप जवळजवळ येत नाही, म्हणून ती कुणाला आवडत नाही, शिवाय ती संत्र्याच्या नाहीतर सफरचंदाच्या ज्यूसबरोबर घेतली तर अंगात कमी शोषली जाते, पाण्याबरोबरच घ्यायची, हे कितीजणांना सांगितलं जातं देव जाणे.

क्लोरफेनिरामाइनबद्दल एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. घरात साठी-सत्तरीचे पुरुष असतील, प्रोस्टेटचा त्रास असेल, तर ही गोळी देताना दहादा विचार करा, लघवी अडकू शकते. आणि ही गोळी कुठल्या पाकिटात आहे हे वरून कळत नाही, मागे बारीक अक्षरात वाचावं लागतं.

कारण आपण जिला "सर्दीची गोळी" म्हणतो ती एक गोळी नसतेच, ती मिसळ असते. पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन, क्लोरफेनिरामाइन किंवा सेट्रिझीन, कधी वरून कॅफिन. आता डोकं दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलची वेगळी गोळी, सर्दीसाठी ही, आणि रात्री पुन्हा ही, म्हणजे पॅरासिटामॉल किती पोटात गेलं याचा हिशोब कुणीच ठेवत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही वरची हद्द, आणि लिव्हर आधीच दमलेलं असेल तर त्याहूनही कमी. लहान पोरांना तर हे मिश्रण देऊच नये, डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी सांगितलं की क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिनच्या मिश्रणाच्या पाकिटावर ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं छापा.

आणि या मिसळीतलं फेनिलेफ्रिन, जे नाक मोकळं करण्यासाठी म्हणून घातलेलं असतं, त्याची तर गंमतच आहे. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो, त्याला तिथल्या वसंत ऋतूची अ‍ॅलर्जी. त्याने मला सांगितलं तेव्हा मी हसले होते, म्हणलं आपल्याकडे वसंतात माणसं पंचमी साजरी करतात आणि तुम्ही शिंकता, पण तिथे एप्रिल-मे म्हणजे खरंच हाल असतात, गाड्यांवर पिवळी पावडर साचते परागकणांची. तर तिथे पूर्वी स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्या सहज मिळायच्या, त्याने नाक खरोखर उघडायचं. पण त्यापासून लोक मेथ नावाचा अमली पदार्थ बनवायला लागले, म्हणून २००६ पासून ती गोळी काउंटरच्या मागे गेली, ओळखपत्र दाखवायचं, सही करायची, महिन्याला ठरावीकच मिळणार. मग कंपन्यांनी शेल्फवर फेनिलेफ्रिनच्या गोळ्या ठेवल्या. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या एफडीएच्या, म्हणजे औषध नियंत्रकांच्या, सल्लागार समितीतल्या सोळाच्या सोळा जणांनी मत दिलं की पोटात घेतलेलं फेनिलेफ्रिन चोंदलेल्या नाकावर काम करत नाही. काही घातक नाही, नुसतंच काम करत नाही. आतड्यात आणि लिव्हरमध्येच त्याचं बहुतेक सगळं तुकडे-तुकडे होऊन जातं, नाकापर्यंत पोचतं ते नगण्य. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफडीएने ते ओटीसी गोळ्यांतून काढायचा प्रस्तावही मांडला. म्हणजे इतकी वर्षं कोट्यवधी लोक ती गोळी घेऊन "जरा बरं वाटलं" म्हणत होते! कारण सोबत पॅरासिटामॉल होतं, कॅफिन होतं, आणि तसंही सर्दी आपापली उतरतच होती. आपल्याकडच्या गोळ्यांमध्ये ते आजही आहे.

भाऊ दर खेपेला इथून परत जाताना बॅगेत बामच्या डब्या नेतो. तिथे काय मिळत नाही असं नाही, पण त्याला इथलाच पाहिजे, म्हणतो तिकडचा लागत नाही. अमृतांजन १८९३ मध्ये मुंबईतच सुरू झालं, काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी केलं, त्यामुळे पिवळ्या बामचा आपला ऋणानुबंध तसा जुना आहे. आणि व्हिक्स व्हेपोरब, जन्माने अमेरिकन, आपल्याकडे आयुर्वेदिक औषध म्हणून विकलं जातं, डबीवर वाचा, पुदिन्याचे फूल, कापूर, ओव्याचे फूल, निलगिरी तेल. पुदिन्याचे फूल म्हणजे मेन्थॉल.

या मेन्थॉलवर ब्रिटनमधल्या कार्डिफला रॉन एकल्स नावाच्या शास्त्रज्ञाने प्रयोग केले होते. सर्दी झालेल्या माणसांना मेन्थॉल दिलं, आणि नाकातून हवा जायला किती अडथळा होतोय ते यंत्राने मोजलं. अडथळा जेवढा होता तेवढाच राहिला. पण माणसं म्हणाली, नाक मोकळं झालं. हे १९९० साली छापून आलं, म्हणजे ही काही कालची बातमी नाही. नाकात थंडी ओळखणाऱ्या नसा असतात, आत जाणारी हवा थंड लागली की मेंदू समजतो हवा भरपूर येतेय. मेन्थॉल त्याच नसांना चिमटा काढतं. पुढे डेव्हिड ज्युलियस आणि आर्देम पटापुटियन यांनी मेन्थॉल वापरूनच त्या नसांवरचा थंडी ओळखणारा रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारा रेणू, शोधला, ज्युलियसने त्याआधी मिरचीच्या तिखटाचा शोधला होता, आणि २०२१ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मिरची आणि पुदिना, आमच्या आजीचं अख्खं औषधशास्त्र त्या दोन रिसेप्टर्समध्ये बसतं.

मग बाम खोटा का? मला नाही वाटत. रात्री अकरा वाजता नाक बंद आहे, झोप येत नाही, आणि कुणीतरी छातीवर-पाठीवर बाम चोळून दिला आणि मोकळं वाटलं आणि झोप लागली, तर त्यात खोटं काय. फक्त बामने मोकळं वाटलं आणि नाक मोकळं झालं यातला फरक माहिती असावा, म्हणजे मग माणूस बामवर पूर्ण महिना काढत नाही. आणि दोन वर्षांखालच्या बाळाला लावू नये, नाकाच्या आत कुणीच घालू नये. बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधायची पद्धत आहे काही घरांत, ती तर बंदच करा, कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. ओव्याची बांधा हवी तर, हाताला लागणार नाही अशी.

पण खऱ्या अर्थाने झोंबून, खऱ्या अर्थाने नाक उघडणारी एकच गोष्ट मेडिकलमध्ये मिळते, ती म्हणजे नाकात टाकायचे थेंब. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन. दोन थेंब, मान मागे, आणि दोन-चार मिनिटांत असं वाटतं की कुणीतरी बंद वाड्याचा दिंडी दरवाजा उघडला. फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसतात, सूज खरंच उतरते, इथे फसवणूक अजिबात नाही. आणि हाच घोळ आहे. आमचे एक काका, वडिलांचे मित्र, एका पावसाळ्यात सर्दी झाली म्हणून त्यांनी हे थेंब घेतले आणि मग ते सुटलेच नाहीत. एक बाटली उशाशी, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक शर्टाच्या खिशात, एसटीने गावाला निघाले आणि बाटली विसरली तर स्टँडवर उतरून आधी मेडिकल शोधायचे. औषधाचा असर उतरला की रक्तवाहिन्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात, मग पुन्हा थेंब, मग असर अजून कमी वेळ टिकतो, मग पुन्हा. तीन दिवस, फार तर पाच, त्यापुढे हे थेंब वापरायचे नसतात. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण नाक बंद असलेला माणूस बारीक अक्षरं वाचायच्या मनःस्थितीत नसतो. काकांना ब्लडप्रेशरही होतं, त्या लोकांनी तर हे अजून जपून वापरायचं. शेवटी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी सोडवलं, नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे सुरू केला आणि सांगितलं की आधी एकाच नाकपुडीत थेंब बंद करा, दुसरीत चालू राहू दे. एक नाकपुडी सावरली की मग दुसरी. काका म्हणायचे, सिगरेट सोडणं सोपं गेलं होतं.

काकांची एक तक्रार मात्र औषधाने जाणारी नव्हतीच. "एक नाकपुडी बंदच असते माझी, कधी ही, कधी ती." सगळ्यांचीच असते! दर काही तासांनी एका बाजूचं अस्तर थोडं फुगतं, दुसऱ्या बाजूचं उतरतं, मग उलट. कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९५ मध्ये हे लिहून ठेवलं, आणि आपल्याकडे स्वरशास्त्रवाले इडा-पिंगळा म्हणून हे कधीपासून सांगत होतेच. कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी बंद होते, कूस बदलली की बदलते. जुन्या साधूंच्या हातात तो आडव्या डोक्याचा योगदंड असतो ना, तो काखेत धरून बसायचा, काखेत दाब आला की पलीकडची नाकपुडी उघडते. यात दंतकथा काही नाही, शरीरशास्त्रात हा रिफ्लेक्स मोजलेला आहे. धडधाकट माणसाला हे बदल कळतही नाहीत, पण सर्दी झाली की लक्ष सगळं नाकात जातं आणि मग जे आयुष्यभर चाललंय तेही आजार वाटायला लागतं.

वाफेचं तसंच. वाफ घेऊन बरं वाटतं, शेंबूड सुटतो, पाच-दहा मिनिटं छान जातात. फार मोठा फायदा होतो असं काही सिद्ध झालेलं नाही, आणि तोटा एकच पण भयंकर, पातेलं कलंडतं. करोनाच्या काळात सगळी सोसायटी दिवसातून तीनदा टॉवेलखाली बसलेली असायची. लहान मुलांना पातेल्यावर वाकवू नका एवढंच म्हणेन, गरम पाण्याच्या अंघोळीच्या वेळी बाथरूमचं दार लावून बसवा, तेवढी वाफ पुरते. सुंठीचा लेप, हळदीचं दूध, गवती चहा, आलं-तुळस, यावर मी भांडणार नाही, मी स्वतः घेते. लेप कपाळावर वाळून ताणतो तेव्हा जे बरं वाटतं ते कशानेच वाटत नाही.

कपाळाचं निघालं म्हणून. "सायनसने डोकं दुखतंय" हे वाक्य आपल्याकडे रोज ऐकू येतं. २००४ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापला गेला, ज्यांना स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं वाटत होतं अशी जवळजवळ तीन हजार माणसं तपासली, त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनची निघाली. मायग्रेनमध्येही नाक चोंदतं, डोळ्यातून पाणी येतं, गालात-कपाळात ठणकतं, त्यामुळे गोंधळ होणारच. वर्षानुवर्षं माणसं सर्दीच्या गोळ्या घेतात, वाफ घेतात, आणि दुखणं वेगळ्याच घरचं असतं. उन्हात गेल्यावर, उपाशी राहिल्यावर, पाळीच्या आसपास दुखत असेल, उजेड-आवाज नको वाटत असेल, तर एकदा त्या दिशेने विचार करून बघा.

आता ज्या दोन गोष्टींनी माझं नाक खरोखर माणसात आलं त्या सांगते, आणि दोन्ही गोष्टी इतक्या नीरस आहेत की मला सांगताना संकोच वाटतो. पहिली, मिठाचं पाणी. हठयोगातल्या सहा शुद्धिकर्मांतली जलनेती ती हीच. अर्धा लिटर पाण्याला पाऊण छोटा चमचा मीठ, पाणी उकळून कोमट केलेलं, एका नाकपुडीतून घालायचं आणि दुसरीतून सोडायचं. परागकण, धूळ, चिकट शेंबूड, सगळं धुऊन जातं. नुसतं पाणी घातलं तर जीव जातो एवढं झोंबतं, पण मिठाचं प्रमाण शरीराशी जुळलं की काहीच होत नाही. काही म्हणजे काहीच. पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं बहुतेक चुकलंय काहीतरी. पाणी मात्र उकळलेलंच हवं, नळाचं नको, विहिरीचं तर नकोच. २०११ मध्ये अमेरिकेत लुइझियानात नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोन जण नेग्लेरिया नावाच्या अमिबाने गेले. तेच पाणी प्यायलं तर काही होत नाही, पण नाकातून तो अमिबा थेट मेंदूकडे जातो. केरळात अशा अमिबांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या बातम्या २०२४-२५ मध्ये आपण वाचल्याच.

दुसरी, स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे, फ्लुटिकासोन, मोमेटासोन वगैरे. अमेरिकेत असे स्प्रे २०१३-१४ पासून एकेक करून चिठ्ठीशिवाय मिळायला लागले, आपल्याकडे डॉक्टरांना विचारूनच घ्यायचे. स्टेरॉइड म्हणलं की घरात घबराट, पण नाकापुरतं असतं ते, रक्तात फारच कमी जातं. चोंदण्यावर गोळीपेक्षा हा स्प्रे चांगला. अडचण अशी की त्याचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, पूर्ण असर यायला एखाद-दोन आठवडेही, आणि मारल्या मारल्या काहीही होत नाही. माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी दिला तेव्हा त्यांनी तिसऱ्या दिवशी निकाल दिला, "पाणी भरून विकतात मेले." त्यात त्या मारायच्याही चुकीच्या. मान मागे करून, नळी सरळ मधल्या पडद्यावर, आणि मग झर्रकन वर ओढायचं, घशात कडू लागलं की समाधान. नाकातून रक्त यायला लागलं तेव्हा नर्सबाईंनी शिकवलं. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, म्हणजे नळीचं तोंड आपोआप कानाच्या बाजूला जातं, पडद्यावर नाही. हळूच श्वास, जोरात ओढायचं नाही. घशात चव आली म्हणजे औषध नाकात थांबलंच नाही. सासूबाई आता रोज मारतात, आणि त्यावर बोटभर बामही लावतात, कुठल्याने बरं वाटतं विचारलं तर बामचं नाव घेतात.

एक गोळी राहिलीच, मॉन्टेलुकास्ट-लिव्होसेट्रिझीन. कुणाला तरी डॉक्टरांनी एकदा पंधरा दिवसांसाठी दिलेली असते, मग ती घरची गोळी होते, वर्षभर चालते, शेजारणीलाही दिली जाते. मॉन्टेलुकास्टने काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, नैराश्य येऊ शकतं, मार्च २०२० मध्ये एफडीएने त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला आणि साध्या अ‍ॅलर्जीला आधी दुसरं वापरून बघा असं सांगितलं. घरात कुणी, विशेषतः पोरं, ही गोळी घेत असतील आणि स्वभाव बदलल्यासारखा वाटत असेल तर आधी पट्टी बघा. आणि महिनोन्महिने रोज सेट्रिझीन घेऊन एकदम बंद केली तर काही थोड्या लोकांना अंगभर भयंकर खाज सुटते, हेही मे २०२५ मध्ये एफडीएने सांगितलं, त्यामुळे ती खाज बघून "बघा, गोळी लागतेच मला" असं ठरवू नये. अँटिबायोटिकवर तर वेगळा लेख होईल. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे बॅक्टेरिया असं नसतं, बहुतेक सर्दी व्हायरसची, अ‍ॅझिथ्रोमायसिनचा तीन गोळ्यांचा तो प्रसिद्ध कोर्स तिला काही करत नाही.

घरचे आणि काउंटरचे उपाय कुठे थांबवायचे हेही सांगते. दहा दिवसांत उतरत नसेल, किंवा उतरून पुन्हा चढलं असेल, तर डॉक्टर. डोळ्याभोवती सूज, नजरेत फरक, जोराचा ताप, मान कडक, तर त्याच दिवशी डॉक्टर. वरच्या दाढेचं मूळ गालातल्या सायनसच्या अगदी खाली असतं, त्यामुळे एका बाजूचा गाल सतत ठणकत असेल आणि घाण वास येत असेल तर दाताच्या डॉक्टरकडेही एक चक्कर. आणि लहान मुलाची एकच नाकपुडी वाहत असेल, वास येत असेल, तर सर्दीचं सिरप घेत बसू नका. आमच्या खालच्या मजल्यावरच्या पिल्लूला सिरपच्या बाटल्या संपवून झाल्या, बाम झाला, ओवा झाला, आजीने दृष्टसुद्धा काढली, आणि शेवटी डॉक्टरांनी चिमट्याने नाकातून गणपतीच्या मखराचा मोती काढला. त्याला विचारलं कधी घातलास, तर म्हणाला, आरतीच्या वेळी, सगळे डोळे मिटून उभे होते ना तेव्हा.